घैसासांचं आच्छादन

नीलाताईंच्या दहाव्याला कावळा शिवेना, इथून या सगळ्या प्रकरणाला सुरुवात झाली.

डोंबिवलीच्या खाडीकाठी मंडळी उन्हात उभी होती. पिंड मांडून झाले होते, गुरुजींचं म्हणून झालं होतं, आणि आता सगळे बाभळीकडे बघत होते. कावळे नव्हते अशातला भाग नाही. शेजारी दुसऱ्या कोणाचा तरी दहावा चालला होता, तिथे त्यांचं येणं-जाणं व्यवस्थित सुरू होतं. घैसासांच्या पिंडाकडे मात्र एकही ढुंकून बघत नव्हता. अशा वेळी काय करायचं ते कोणाला सांगावं लागत नाही. गेलेल्या माणसाचा जीव कशात तरी अडकलेला असतो. तो कशात ते ओळखायचं आणि मोठ्याने शब्द द्यायचा. त्याप्रमाणे शब्द देणं सुरू झालं. मुलगी रुपाली म्हणाली, आई, बाबांना मी सांभाळीन. कावळा आला नाही. धाकटी बहीण म्हणाली, ताई, तुझी पैठणी रुपालीलाच देऊ. तरी नाही. एका चुलत दिराने जुनं भांडण तिथल्या तिथे मिटवलं, भाच्याने नोकरी न सोडण्याची शपथ घेतली, आणि मागच्या गर्दीतून कोणीतरी, कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, सिगारेट सोडली. कावळे शेजारच्या भातावर खूश होते.

गुरुजींना कल्याणला आणखी एक दहावा होता. त्यांनी हळूच दर्भाचा कावळा करून शिववायचा विषय काढला. शास्त्रात त्याला हरकत नाही. पण नीलाताईंच्या यजमानांना, श्रीपादरावांना, ते मानवेना. जन्मात कधी कोणापुढे हात न पसरलेल्या बाईला शेवटच्या पेपरात ग्रेस मार्क देऊन पास करायचं, हे त्यांच्या मनाला लागलं. भादरलेलं डोकं तापलेलं, पायांना चटके बसत होते. ते दोन पावलं पुढे झाले आणि म्हणाले, "नीला, तुझी बाग मी जगवीन. एक झाड मरू देणार नाही."

कावळा आला, शिवला, आणि घास घेऊन उडाला. बायकांनी डोळे पुसले. गुरुजींनी पिशवी उचलली. श्रीपादरावांच्या अंगावर मात्र सरसरून काटा आला, कारण बागेतलं आपल्याला काहीही कळत नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं.

बाग म्हणजे तशी फार काही नव्हती. तळमजल्याच्या घराला मागच्या बाजूने दार होतं, दारापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीची एक पट्टी, आणि तिच्यात विटांनी आखलेले दोन वाफे. मोगरा, जास्वंद, अनंत, तगर, अबोली, कढीपत्ता, कोपऱ्यात गवती चहा. श्रीपादरावांचा या सगळ्याशी संबंध चहापुरता. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे जन्मभर पाण्यातच वावरलेले. पण ते पाणी नकाशावर निळ्या रेषेने दाखवलेलं असे. हातात झारी धरायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. मात्र न केलेल्या कामाचीही त्यांना सखोल माहिती असे, आणि ती स्वतःपुरती ठेवणं त्यांना जमत नसे.

त्यात मार्च उजाडला आणि पाणी गेलं. गेलं म्हणजे नेहमीप्रमाणे गेलं: शुक्रवारी बंद, शनिवारी कमी दाबाने, रविवारी शनिवारचा दाब भरून येईपर्यंत वाट बघा. सोसायटीचा सेक्रेटरी देवेश हा तरुण माणूस. तो घोडबंदर रोडवरच्या कुठल्याशा ऑफिसात काम करायचा, आणि सोसायटीचा कारभार येता-जाता ट्रॅफिकमध्ये अडकून फोनवर करायचा. त्याने ग्रुपवर फतवा काढला: झाडांना पाइपने पाणी घालायचं नाही. श्रीपादराव त्याला गाठायला गेले. मातीतलं पाणी उन्हाने कसं उडतं, मुळाशी किती उरतं, पाटबंधारे खात्याचं याबाबत काय म्हणणं होतं, हे सगळं त्यांनी दारात उभं राहून सांगितलं. देवेशने मान डोलावली. त्याच्या कानात फोनची खुंटी होती आणि तो दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकत होता, हे त्यांना जिना उतरताना समजलं.

मग यूट्यूबवर त्यांना आच्छादनाचा शोध लागला. उघडी माती झाकून टाकायची, म्हणजे ऊन लागत नाही, पाणी उडत नाही, आणि आठवड्याच्या पाण्यात झाड पंधरवडा काढतं. सगळं जग त्याला मल्चिंग म्हणतं. श्रीपादराव आच्छादनच म्हणायचे, आणि समोरच्याने मल्चिंग म्हटलं तर थांबून दुरुस्ती करायचे. आता त्यांना तरतरी आली. वॉचमनला आच्छादन, दूधवाल्याला आच्छादन. सांत्वनाला आलेल्या माणसांना परत जाताना नीलाताईंच्या शेवटच्या दिवसांबद्दल फारसं काही कळलेलं नसे, पण बाष्पीभवनाची पुरेपूर माहिती झालेली असे. आपल्याला दुःख झालेलं दिसत नाही, असं लोक बोलतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. दुःख होतं. ते घरात होतं, आणि म्हणूनच ते सारखे बाहेर असत.

पहिला प्रयोग वाळलेल्या पाल्याचा. पाला तर रस्त्यावर पडलेला असतो, उचलायला काय हरकत? पण श्रीपादराव सरकारी नोकरीतले. विचारल्याशिवाय सरकारी काडी उचलायची नाही हा त्यांचा बाणा. ते वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे त्यांना उद्यान विभागात पाठवलं. उद्यान विभागातला माणूस फार सभ्य निघाला. तो म्हणाला, पान झाडावर असेपर्यंत आमचं, खाली पडलं की घनकचऱ्याचं. घनकचऱ्यातला म्हणाला, पडलेला पाला आमचा हे खरं, पण नागरिकांकडून घ्यायचा कचरा असा आमच्याकडे विषय आहे, नागरिकांना द्यायचा कचरा असा विषय नाही. अर्ज ठेवून जा. श्रीपादरावांनी विचारलं की पान वरून खाली येत असताना हवेतल्या हवेत धरलं तर? त्या माणसाने खरोखर विचार केला आणि सांगितलं, साहेब जेवायला गेलेत.

तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला बेकायदा निर्णय घेतला आणि सकाळी पोतं घेऊन गल्लीत पाला वेचायला सुरुवात केली. अंगात दहाव्यानंतर घालायला काढलेला जुना सदरा, डोक्यावर नुकते उगवू लागलेले खुंट, हातात पोतं. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी त्यांना बोलावून दोन पोळ्या दिल्या. त्यांनी त्या घेतल्या, कारण आपण कोण हे सांगणं त्यांना जास्त अपमानाचं वाटलं. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ते दृश्य पाहून थेट रुपालीला फोन लावला की वहिनी गेल्यापासून घैसासांचं डोकं ठिकाणावर नाही, कचरा गोळा करत फिरतात. रुपाली घोडबंदर रोडला मोठ्या संकुलात राहायची. ती बिचारी अर्धा दिवस रजा टाकून ट्रॅफिकमधून आली. बाबा धडधाकट होते. तिने तासभर आच्छादन ऐकलं आणि परत गेली.

पाला पसरून झाला. दोन्ही वाफे छान झाकले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादराव मागच्या दारात आले तर वाफे आरशासारखे लख्ख. सोसायटीची झाडलोट करणारी मालू तिच्या कामाला चोख होती. पाला म्हणजे पाला, आणि तो झाडायचा, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. काकू गेल्यापासून मागे फार कचरा साचलेला, बरं नाही वाटलं, म्हणून आपणहून झाडून काढला, असं ती म्हणाली. पोतंभर पाला घंटागाडीत जाऊन महापालिकेला तिचा माल परत मिळाला होता. मालूला रागवावं तर तिचे डोळे भरून आलेले. श्रीपादरावांनी तिला थँक्यू म्हटलं.

पुढचा प्रयोग उसाच्या चिपाडांचा. हा सल्ला वरच्या मजल्यावरच्या जयाचा. जया भोईर ही नीलाताईंची मैत्रीण. बिल्डिंग उभी आहे ती जागा म्हणजे भोईरांचं भातशेत, त्यामुळे शेतीतलं आपल्याला कळतं असं जयाचं आणि सगळ्यांचंच मत होतं, जरी शेत गेलं तेव्हा ती नुकती लग्न होऊन आलेली होती. रसवंतीवाल्याला चिपाडं कुठे टाकू असं झालेलं. त्याने हातगाडीभर आणून दिली. चिपाडं जड, वाऱ्याने उडत नाहीत, मालूच्या झाडूला दाद देत नाहीत. श्रीपादरावांनी समाधानाने हात झाडले. दोन दिवसांत डोंबिवली पूर्वेच्या सगळ्या मुंग्यांना पत्ता कळला. त्या वाफ्यावर मावेनात तेव्हा भिंतीने वर चढून जयाच्याच साखरेच्या डब्यात उतरल्या. मुंग्यांमागून माश्या, माश्यांमागून घुशी. शिवाय उन्हात चिपाडं आंबली आणि संध्याकाळ झाली की घैसासांच्या दारातून एक ओळखीचा वास यायला लागला. एकटा माणूस, बायको नुकती गेलेली, आणि हा वास. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. या वेळी रुपालीला तिघांनी वेगवेगळे फोन केले, आणि ती पुन्हा आली. बापाच्या तोंडाचा वास घेताना तिला इतकी लाज वाटली की ती रडली, आणि तिला रडताना बघून श्रीपादरावांना स्वतःचीच लाज वाटली. चिपाडं त्यांनी स्वतः भरून फेकून दिली.

मग पेंढा आणायचं ठरलं. जयाचा भाऊ भिवा कल्याणच्या पुढे गावात राहायचा, त्याच्याकडे भाताचा पेंढा पडून होता. पेंढ्याला मुंग्या येत नाहीत, वास येत नाही. उडू नये म्हणून त्यावर आडवे टाकायला बांबू हवेत. बांबू बांधायला सुतळी. शिवाय यूट्यूबने सांगितलं होतं की मातीत मडकं पुरून ठेवावं, ते पाझरत राहतं. आणि दुपारच्या उन्हाला वरून पांढरं कापड ताणावं. श्रीपादरावांनी भिवाला फोन करून सगळं एकदम सांगितलं: पेंढा, बांबू, सुतळी, मडकं, पांढरं मांजरपाट. भिवा दिलदार माणूस. खताला होतील म्हणून त्याने वर गोवऱ्याही टाकल्या.

आता वाचणाऱ्याला जे दिसतंय ते श्रीपादरावांना का दिसलं नाही, असा प्रश्न येईल. महिन्यापूर्वी त्यांच्याच दारात हेच सामान उतरलं होतं. पण तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं नव्हतं, आणि आता त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त मोगरा होता.

टेम्पो आला तेव्हा जया दिवा गावात एका हळदीला गेलेली, आणि श्रीपादराव आंघोळ करत होते. ही आंघोळ सध्या वेळखाऊ असे, कारण ते टबात बसून अंगावरचं पाणी थेंब न थेंब टबातच गोळा करत आणि मग ते झाडांना घालत. टेम्पोवाल्याने घैसासांचं सामान म्हणून सांगितलं आणि फाटकाशी उतरवून तो निघून गेला. वॉचमनने सामानाकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. घैसासांच्या घरात माणूस एकच उरलेला, त्यामुळे कोण, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. दार वाजवलं गेलं. श्रीपादरावांना ते ऐकू आलं, पण घुशींबद्दल बोलायला देवेश आला असणार म्हणून ते मुद्दामच गप्प राहिले. तेव्हा खात्रीच झाली. देवेशने रस्त्यातूनच रुपालीला कळवलं आणि ग्रुपवर दुःखद बातमी टाकली. त्याखाली हात जोडलेली चित्रं लागली. एकाने लिहिलं की काकूंच्या पाठोपाठ काका, याला म्हणतात जोडा. दुसऱ्याने लिहिलं, काकांचं मल्चिंग कायम लक्षात राहील. सामान रुपालीने मागवलं असं सोसायटीला वाटलं, आणि सोसायटीने मागवलं असं रुपालीला.

प्रत्येक बिल्डिंगमध्ये तिरडी बांधणारा एक माणूस असतो. इथे ते काम दुसऱ्या मजल्यावरच्या दौलतरावांकडे. त्यांच्या हातची गाठ स्मशानापर्यंत हलत नाही, अशी त्यांची ख्याती. ते खाली आले, चपला काढल्या, बांबू मापले आणि कोणाची वाट न बघता कामाला लागले. भोवती माणसं जमली. कोणी हळू आवाजात महापालिकेच्या गाडीचं बघत होतं, कोणी कुलूप तोडणाऱ्याला फोन लावत होतं. श्रीपादराव पंचा नेसून, टब दोन्ही हातांनी धरून मागच्या दाराने बाहेर आले, मोगऱ्याला पाणी घातलं, आणि पुढे कसली कुजबुज चाललीय ते बघायला बिल्डिंगला वळसा घालून आले. वॉचमन त्यांना बघून मागच्या मागे सरकला. दौलतरावांची मान खाली होती. सुतळीचं टोक धरायला माणूस हवा होता, जवळ कोणाचे तरी पाय दिसले.

"हे धरा जरा," दौलतराव म्हणाले. श्रीपादरावांनी टब खाली ठेवला आणि सुतळी धरली.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"घैसास," दौलतरावांनी गाठ आवळली आणि मान वर केली.

यानंतर जे झालं त्यात कोणाचीच शोभा राहिली नाही. दौलतरावांना सरबत पाजून सावलीत बसवावं लागलं. ज्यांनी ऑफिसला दांडी मारली होती त्यांना फसवल्यासारखं वाटत होतं, आणि तसं उघड म्हणताही येईना. श्रीपादरावांचा राग वेगळाच: बांबू त्यांनी वाफ्याच्या मापाचे मागवले होते आणि दौलतरावांनी ते कापून ठेवले. पण माणसं एवढी जमलीच आहेत, तर गैरसमज दूर केलेला बरा, म्हणून तिथेच पंच्यावर उभं राहून त्यांनी पेंढ्याचं आच्छादन, त्याचे फायदे, मडक्याचं कार्य आणि मांजरपाटाचं प्रयोजन समजावून सांगायला घेतलं. मडक्यापर्यंत यायच्या आत फाटकाशी फक्त वॉचमन उरला होता, कारण त्याची ड्युटी होती.

रुपाली आली ती गाडीतून उतरतानाच रडत होती. घोडबंदर रोडच्या जाममध्ये अडकून तिने पुण्याच्या मावशीला, नाशिकच्या काकाला कळवलं होतं. बाबांना उभं बघून तिने त्यांना घट्ट धरलं, मग लांब केलं, मग पुन्हा धरलं. घरात गेल्यावर ती पाणी प्यायली आणि अगदी शांतपणे बोलली.

"बाबा, मी दोन तास गाडीत बसून तुमचं सगळं रडून घेतलं. परत नाही रडता येणार मला. तुम्ही माझ्याकडे चला."

श्रीपादराव म्हणाले, येता येणार नाही, तुझ्या आईला शब्द दिलाय. तिथे सगळे होते, तूही होतीस. शेवटी ठरलं ते असं: जूनपर्यंत झाडं जगली तर बाबा इथे राहतील, ती पुन्हा विषय काढणार नाही. झाडं मेली तर शब्दही संपला, मग सामान बांधायचं. तोवर ती रोज संध्याकाळी फोन करून झाडं कशी आहेत ते विचारेल. श्रीपादरावांनी मान्य केलं. या घरात नीलाची फणी अजून आरशापुढे होती. रुपालीकडे अठराव्या मजल्यावर राहायला जायचं म्हणजे ती फणी उचलावी लागणार होती.

तेव्हा या वेळी कुठे काही कमी राहायला नको होतं. श्रीपादरावांनी पेंढा पसरला तो एक वीत नाही, गुडघाभर. खोडांना ऊन लागू नये म्हणून थेट गळ्यापर्यंत दाबून लावला. बांधलेली तिरडी सोडत कोण बसणार, म्हणून ती तशीच वाफ्यावर आडवी ठेवून दिली. दौलतरावांची गाठ, पेंढ्याची काडी हलत नव्हती. संध्याकाळी जया परत आली आणि बागेकडे बघून म्हणाली, भावजी, हे काय बरं नाय दिसत. पण बघितलं तर चांगलं भक्कम झालं होतं. एकदा घातलेलं आच्छादन हलवायचं नाही, खाली डोकावायचं नाही, हा पहिला नियम, असं त्यांनी तिला सांगितलं. दुसरा नियम ऐकायला ती थांबली नाही.

आणि मग बिल्डिंगला उपरती झाली. जिवंत माणसाची तिरडी बांधली ही गोष्ट प्रत्येकाच्या मनाला खात होती. दौलतराव सकाळी स्वतःच्या वाटणीची बादली घेऊन आले, काही न बोलता पेंढ्यावर ओतली आणि गेले. देवेशने वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी पाठवायला सुरुवात केली. जया तांदूळ धुतलेलं पाणी वरूनच सोडायची. ज्या सोसायटीत आंघोळीवरून भांडणं होत होती, तिथे घैसासांच्या बागेला पाणी कमी पडत नव्हतं. श्रीपादराव स्वतः एक दिवसाआड आंघोळ करू लागले, मग नुसतं अंग पुसू लागले. इतकी वर्षं एका जिन्याने वर-खाली करणाऱ्या माणसांना आपल्याबद्दल काही वाटतं, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांना ते फार आवडलं.

एप्रिल सरत आला तेव्हा मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. पिवळं पडलं म्हणजे तहान लागली. श्रीपादरावांनी पाणी वाढवलं. अनंताने पानं टाकली. पाणी आणखी वाढवलं. जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळाल्या. त्यांनी पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या तोडला, आणि दुपारी जीभ कोरडी पडली तरी दुसरा प्यायले नाहीत. ज्या गावात नळाला महिनोन् महिने धड पाणी येत नाही तिथे झाडाला पाणी जास्त होईल, ही शंका घ्यायलाही माणूस परगावचा असावा लागतो. रुपाली फोनवर विचारायची, झाडं कशी आहेत? तहानलेली आहेत, ते म्हणायचे, आणि तहान या विषयावर पुढे सविस्तर सांगायचे.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी त्यांनी मोगऱ्याची वाळकी फांदी काढायला हात लावला, आणि सगळं झुडूप अलगद हातात आलं. त्याला खाली काही नव्हतं. जया वरून बघत होती. ती खाली आली, तिरडी एका बाजूने उचलून भिंतीला टेकवली, आणि श्रीपादराव पहिला नियम सांगायच्या आत तिने दोन्ही हातांनी पेंढा बाजूला केला. वरचा थर सुकाच होता. खालचा काळा, गरम आणि चिकट. त्यावर पांढरी बुरशी पसरलेली, आणि असा वास की जयाने पदर नाकाला लावला. खोडांची साल बोट लावताच सुटून येत होती. मातीत नुसता चिखल होता. तिने अनंत हलवला, तो आला. तगर आली. कढीपत्ता जरा अडला आणि मग आला. जया एकेक झाड काढून बाजूला ठेवत गेली, आणि श्रीपादराव प्रत्येक वेळी हात पुढे करून थांबत होते. शेवटी गवती चहाचा ठोंब निघाला तेव्हा ते विटांवर बसले. त्यांना भडभडून आलं. बायको गेली त्या दिवशीही ते इतके रडले नव्हते, आणि आज जयासमोर त्यांना ते आवरेना.

"शब्द दिला होता मी तिला," ते म्हणाले. "तिचा जीव होता या बागेत."

जया हाताचा चिखल विटेच्या कडेला पुसत होती. तिला त्यांची दया आली होती, आणि दया आली की तिच्या तोंडून खरं निघायचं.

"भावजी, एक सांगू? नीलाताईला झाडांचं एवढं काय वेड नव्हतं. मोगरा कधी छाटायचा ते पण ती दर वर्षी मला विचारायची."

"मग रोज संध्याकाळी इथे काय करायची? दिवे लागेपर्यंत आत यायची नाही."

"काय नाय. बसायची गप."

"नुसती? कशाला?"

जयाने पेंढ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि मग त्यांच्याकडे.

"घरात तुम्ही असायचे ना," ती म्हणाली.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. बोलून झाल्यावर तिलाच कसंतरी झालं, आणि चहा आणते म्हणून ती वर निघून गेली. श्रीपादरावांकडे यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नीलाला आपलं बोलणं आवडत होतं, ती मान डोलवायची, मधूनच हो म्हणायची, अमुक दिवशी तर ती हसलीही होती. असे एकामागून एक मुद्दे त्यांच्या तोंडाशी आले. ते मनातल्या मनात त्यांनी एकदा म्हणून पाहिले. मग त्यांना आठवलं की देवेशही मान डोलावतो, आणि ते तसेच बसून राहिले. समोर उघडी ओली माती होती. खरंच, इथे फार शांत वाटत होतं.

फोन वाजला. रुपालीची वेळ झाली होती.

"बाबा, झाडं कशी आहेत?"

"गेली."

"गेली म्हणजे? सगळी?"

"सगळी."

पलीकडे रुपालीने नेहमीप्रमाणे फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि कणीक मळायला घेतली. झाडं का गेली, कशी गेली, यात पाण्याचा भाग किती आणि मातीचा किती, याला अर्धा तास तरी लागेल असा तिचा हिशेब होता. कणीक मळून झाली. परातीवर झाकण ठेवलं गेलं. फोनमधून काहीच ऐकू येत नव्हतं. तसेच पिठाचे हात घेऊन ती फोनवर वाकली आणि बाबा, बाबा म्हणून हाका मारत राहिली.

"आहे मी," श्रीपादराव म्हणाले. "तू बोल."